कंपनी गेली, गाडी दारात राहिली : जुन्या परदेशी एसयूव्हीचे पार्ट शोधायचे कसे?

अहिल्यानगर : पुण्या-मुंबईत बारा-पंधरा वर्षं वापरलेली मोठी परदेशी एसयूव्ही आज नव्या छोट्या गाडीच्या निम्म्या किमतीत मिळते. गाडी दांडगी, इंजिन ताकदवान, खराब रस्त्याला आणि घाटाला मागे हटत नाही. लग्नसराईत सात-आठ माणसं बसतात ते वेगळंच. म्हणून जिल्ह्यातल्या बागायती गावांत अशा गाड्या दारात उभ्या दिसतात. पजेरो, जुनी एन्डेव्हर, कॅप्टिव्हा, एक्स-ट्रेल, जुनी सीआर-व्ही, जुनी ग्रँड व्हिटारा.

पण घेताना जी गाडी स्वस्त वाटते ती बिघडली की खरा खेळ सुरू होतो. गॅरेजवाला म्हणतो, "पार्ट मिळंना." गाडी महिना-दोन महिने झाडाखाली उभी राहते. मग कुणीतरी भलताच पार्ट बसवतो, आणि शेवटी गाडी भंगारवाल्याला देण्याची वेळ येते. यातल्या बऱ्याच गाड्या खरं तर वाचू शकतात. पार्ट मिळत नाही असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा नेमका कोणता पार्ट मागायचा तेच ठाऊक नसतं. म्हणून ही सगळी माहिती एका जागी.

'इम्पोर्टेड' म्हणजे नेमकी कोणती गाडी?

गावात प्रत्येक मोठ्या गाडीला 'फॉरेनची गाडी' म्हणतात. पण पार्ट आणि आरटीओ, दोन्हीसाठी तीन प्रकार वेगळे धरावे लागतात.

पहिला प्रकार, पूर्ण तयार होऊन जहाजातून आलेली गाडी. मारुतीने विकलेली जुनी ग्रँड व्हिटारा जपानहून अशीच यायची. निसानची जुनी एक्स-ट्रेल, होंडाची सुरुवातीची सीआर-व्ही, टोयोटाची लँड क्रूझर आणि प्राडो, थायलंडहून आलेली शेवरोले ट्रेलब्लेझर याही अशाच.

दुसरा प्रकार, सुटे भाग बाहेरून आणून भारतात जोडलेली गाडी. मित्सुबिशी पजेरो हिंदुस्तान मोटर्स तमिळनाडूत तिरुवल्लूरला जोडायची. फोर्ड एन्डेव्हर चेन्नईजवळच्या कारखान्यात तयार व्हायची. रेक्सटन ही मूळ कोरियाची गाडी महिंद्राने आपल्या शेजारी चाकणला जोडली.

तिसरा प्रकार, नाव परदेशी पण बरेचसे भाग इथेच बनलेली गाडी. क्वालिस आणि तवेरा यांत मोडतात. यांचे पार्ट आजही तुलनेने सहज मिळतात.

आपली गाडी कोणत्या प्रकारात आहे ते चेसिस नंबरवरून बऱ्याच अंशी कळतं. हा नंबर १७ अक्षरांचा असतो. तो इंग्रजी 'जे'ने सुरू होत असेल तर गाडी जपानची, 'के'ने सुरू होत असेल तर कोरियाची. 'एम' असेल तर दुसरं अक्षर बघा. 'ए' ते 'ई' असेल तर भारत, 'एल' ते 'आर' असेल तर थायलंड. हा झाला अंदाज. आरटीओच्या कामात मात्र आरसीवर आणि वाहन पोर्टलवर काय नोंद आहे तेच धरलं जातं.

ही नोंद का महत्त्वाची : ५ हजार की ४० हजार?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. त्यानंतर गाडी तपासून दर ५ वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी वाढली. साध्या चारचाकीला ५ हजार रुपये, पण इम्पोर्टेड चारचाकीला ४० हजार रुपये.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी फी आणखी वाढवली. साध्या चारचाकीला १० हजार, इम्पोर्टेड चारचाकीला ८० हजार रुपये. जीएसटी वेगळा. राज्याचा पर्यावरण कर आणि फिटनेस तपासणीचा खर्चही वेगळा.

उशीर केला तर खासगी चारचाकीला दर महिन्याला ५०० रुपये जादा. म्हणजे वर्षभर कागद तसेच पडले तर ६ हजार रुपये नुसते दंडापोटी गेले.

आता हिशेब करा. कुणी २०१० ची इम्पोर्टेड गाडी अडीच लाखांना घेतली आणि आरसीची मुदत बघितलीच नाही, तर घेतल्या घेतल्या चाळीस हजारांची चाट बसते. म्हणून इंजिनाचा आवाज ऐकायच्या आधी आरसीवरची मुदतीची तारीख वाचा. गाडी एमएच-१६ असो, एमएच-१७ असो की पुण्याची एमएच-१२, नियम तोच.

एक गैरसमजही दूर करायला हवा. '१५ वर्षं झाली की गाडी भंगारात' असं गावोगाव बोललं जातं. १५ वर्षांनंतर नोंदणी रद्द करण्याचा नियम सरकारी गाड्यांना आहे, तो १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. दिल्ली परिसराचे नियम वेगळे आहेत. आपल्याकडे खासगी गाडी फिटनेसमध्ये पास झाली आणि फी भरली, तर ती पुढे चालवता येते. त्यामुळे 'आता दे टाकून, नाहीतर पोलिस उचलतील' असं सांगून कुणी पडत्या भावात गाडी मागत असेल तर सावध राहा.

कोण गेलं, कोण आहे?

शेवरोले विकणाऱ्या जनरल मोटर्सने मे २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवण्याची घोषणा केली आणि त्या वर्षाअखेर विक्री बंद झाली. आपल्यापासून जवळ असलेल्या तळेगावच्या कारखान्यात त्यानंतर काही वर्षं फक्त निर्यातीच्या गाड्या बनल्या. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. पार्ट आणि सर्व्हिस चालू ठेवू, असं त्या वेळी कंपनीने ग्राहकांना सांगितलं होतं. मित्सुबिशीच्या गाड्यांची विक्रीही केव्हाच थांबली.

मारुती, होंडा, टोयोटा, ह्युंदाई, निसान या कंपन्या मात्र आजही भारतात आहेत. त्यांची जुनी इम्पोर्टेड गाडी असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन पार्ट मागवता येतो. 'हे मॉडेल बंद झालंय' असं काउंटरवरच्या पोराने म्हटलं म्हणून परत फिरू नका. पार्ट विभागाच्या माणसाला भेटा, कॉम्प्युटरवर पार्ट नंबर काढायला सांगा, तो चालू आहे का आणि किती दिवसांत येईल ते विचारा. कधी कधी जुना नंबर बंद होऊन त्याजागी नवा नंबर आलेला असतो, तोही तिथेच कळतो.

पार्टचं नाव सांगू नका, नंबर सांगा

सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. 'पजेरोचा क्लच पाठवा' असं फोनवर सांगितलं तर दुकानदार जो आहे तो पाठवतो. पण पजेरो एक नाही. जुन्या पजेरोत २.८ लिटरचं ४एम४० इंजिन आहे, नंतरच्या पजेरो स्पोर्टमध्ये २.५ लिटरचं ४डी५६. एन्डेव्हरचंही तसंच, वर्षागणिक इंजिन वेगळं.

म्हणून हा क्रम ठेवा :

१. आरसीवरचा आणि गाडीवर कोरलेला चेसिस नंबर जुळतो का बघा. दोन्हींचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

२. इंजिनाचा कोड, गाडीचं वर्ष, मॅन्युअल की ऑटोमॅटिक, टू व्हील की फोर व्हील ड्राइव्ह हे एका कागदावर लिहा.

३. चेसिस नंबरवरून सर्व्हिस सेंटरकडून किंवा जाणकार स्पेअरवाल्याकडून मूळ पार्ट नंबर काढून घ्या.

४. जुना पार्ट काढल्यावर फेकू नका. त्यावर कोरलेला नंबर, बनवणाऱ्याचं नाव आणि चारही बाजूंचे फोटो घ्या. शेजारी मोजपट्टी ठेवून एक फोटो काढा.

५. हे सगळं व्हॉट्सअॅपवर दोन-तीन दुकानांना पाठवा आणि भाव लेखी मागा.

चौथा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. गाडीची कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. इंजेक्टर बॉशचा किंवा डेन्सोचा असतो, बेअरिंग एनएसके, कोयो किंवा एनटीएनची, शॉकअप केवायबीचा, क्लच एक्सेडी किंवा लुकचा. गाडीच्या कंपनीच्या खोक्यात जो पार्ट महाग मिळतो, तोच बनवणाऱ्याच्या खोक्यात बऱ्याचदा कमी पैशात मिळतो. गाडीची कंपनी देश सोडून गेली तरी या पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांचा माल बाजारात असतो.

बाहेर नाव वेगळं, गाडी तीच

इंटरनेटवर शोधताना एक अडचण येते. आपली एन्डेव्हर परदेशात 'एव्हरेस्ट' नावाने विकली गेली. पजेरो स्पोर्टला काही देशांत 'मॉन्टेरो स्पोर्ट', काही ठिकाणी 'चॅलेंजर' म्हणतात. जुन्या ग्रँड व्हिटाराचं जपानी नाव 'एस्कुडो'. तवेराची मूळ गाडी म्हणजे इसुझुची 'पँथर'. शेवरोलेने इथे विकलेली फॉरेस्टर मुळात सुबारूची. ही नावं ठाऊक असली की शोध सोपा होतो.

याच्या उलटही फसगत होते. २०२२ पासून मारुतीची जी ग्रँड व्हिटारा रस्त्यावर आहे, तिचा जुन्या जपानी ग्रँड व्हिटाराशी नावापलीकडे संबंध नाही. २०२४ मध्ये आलेली एक्स-ट्रेल आणि २००५ च्या काळातली एक्स-ट्रेल याही पूर्ण वेगळ्या. मोबाईलवर नुसतं नाव टाकून ब्रेक पॅड मागवले तर नव्या गाडीचे येतात आणि परत पाठवताना नाकीनऊ येतात. नावापुढे वर्ष आणि इंजिन टाकल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

पार्ट मिळण्याची ठिकाणं

आधी जवळचं बघा. नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगावच्या स्पेअर दुकानांत फिल्टर, बेल्ट, ब्रेक, बेअरिंग मिळू शकतात, फक्त नंबर हातात हवा.

तिथे नाही जमलं तर पुण्यात नाना पेठ. मुंबईत नव्या पार्टसाठी ऑपेरा हाऊस परिसर, तर जुन्या, काढलेल्या पार्टसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. देशातला मोठा बाजार म्हणजे दिल्लीचं काश्मिरी गेट, तिथून ट्रान्सपोर्टने माल येतो. पण न बघितलेल्या दुकानाला पूर्ण पैसे आधी पाठवू नका. जीएसटी नंबर असलेलं बिल, पार्टचा फोटो आणि परत घेण्याची अट लेखी मिळाली तरच पुढे जा.

डिझेल पंप आणि इंजेक्टरसाठी वेगळी पंप लॅब असते. टर्बो, स्टेअरिंग रॅक, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त करणारेही वेगळे कारागीर असतात. नव्या टर्बोची किंमत ऐकून लोक गाडी सोडून देतात, पण बऱ्याचदा आतला भाग बदलून टर्बो चालू होतो. काम करून घेताना जुने काढलेले भाग परत मागा आणि किती दिवसांची हमी आहे ते बिलावर लिहून घ्या.

मोटारीची बेअरिंग आणि गाडीची बेअरिंग

विहिरीवरची मोटार जळाली की आपण वायंडरकडे जातो आणि बेअरिंगचा नंबर बघून नवी बसवतो. बेअरिंग कोणत्या कंपनीच्या मोटारीतली हे कुणी विचारत नाही, कारण नंबरच पुरेसा असतो. ६२०५ नंबरच्या बेअरिंगचं आतलं माप २५ मिलिमीटर, बाहेरचं ५२ आणि जाडी १५. जगात कुठेही घ्या, हेच माप. गाडीतल्या आल्टरनेटर, पुली अशा कितीतरी ठिकाणी अशाच प्रमाण मापाच्या बेअरिंग असतात.

फॅनबेल्टचंही तसंच. बेल्टवर ६पीके१७५० लिहिलं असेल तर ६ म्हणजे रेषा आणि १७५० म्हणजे लांबी मिलिमीटरमध्ये. ऑइल सीलवर आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी असे तीन आकडे असतात. मात्र सील घेताना कोणत्या तेलात आणि किती उष्णतेत बसणार ते दुकानदाराला सांगा. इंजिनाच्या जागी साधं रबर टिकत नाही.

हबची बेअरिंग मात्र वेगळी. बऱ्याच गाड्यांत ती एबीएसच्या सेन्सरसकट येते. माप जुळलं तरी सेन्सर जुळला नाही तर ब्रेकचा दिवा लागून राहतो.

जुना पार्ट : काय चालतं, काय नाही

दरवाजा, काच, आरसा, लाइट, बंपर, सीट, बॉडीचे पत्रे जुने घेतले तरी चालतात. आल्टरनेटर, स्टार्टर तपासून घ्यावेत. इंजिनाचा कॉम्प्युटर जुना घेताना चावीची चिप आणि कॉम्प्युटर यांची जोडी असते हे ध्यानात ठेवा. जोडी जुळवणारा माणूस आधी शोधा, मगच पार्ट घ्या.

ब्रेक पॅड, ब्रेकचे पाइप, टाय रॉड, बॉल जॉइंट, टायमिंग बेल्ट, सीट बेल्ट, एअरबॅग हे जुने अजिबात नकोत. चंदनापुरी घाटात किंवा करंजी घाटात ब्रेक गेला तर वाचवलेल्या दोन हजारांचं काय करायचं?

जुनं इंजिन किंवा गिअरबॉक्स घेताना बिल आणि मूळ गाडीचे कागद मागा. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर पोलिस घेणाऱ्याच्याही दारात येतात. इंजिन बदललं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओत परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. लष्कराच्या लिलावातून घेतलेल्या जोंग्यांत लोकांनी पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिनं बसवली. गाडी चालते, पण नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळतं. तिसऱ्या माणसाची भरपाई मग घरावर येऊ शकते.

मिस्त्री कसा निवडायचा?

ट्रॅक्टर उत्तम करणारा मिस्त्री प्रत्येक गाडी करेलच असं नाही. त्यात कमीपणा काही नाही, काम वेगळं आहे. साधं ऑइल, ब्रेक, सस्पेन्शन गावाजवळ करा. इलेक्ट्रॉनिक बिघाड, कॉमन रेल डिझेल, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यासाठी ज्याने त्याच मॉडेलचं काम केलंय असा माणूस शोधा. त्याला तीन प्रश्न विचारा : या मॉडेलच्या किती गाड्या केल्या, या गाडीचा स्कॅनर आहे का, कामाचं बिल देणार का?

स्कॅनरबद्दल एक गोष्ट. बाजारात मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बऱ्याच गाड्यांत कोड दाखवतो, पण जुन्या परदेशी गाड्यांत सगळी माहिती देईलच असं नाही. आणि सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सर गेलाच असंही नाही. आपल्याकडे गाडी मक्याच्या, ज्वारीच्या कोठीशेजारी उभी असते. उंदीर बॉनेटमध्ये घुसून वायर कुरतडतात. तुटलेली वायर दोनशे रुपयांत जोडली जाते, सेन्सर मात्र हजारोंचा. आधी वायर आणि कनेक्टर तपासा, मग पार्ट मागवा.

पार्ट लागूच नये म्हणून

अशा गाडीत नियम एकच. जो पार्ट मिळायला महिना लागतो, तो मोडायच्या आधी मागवायचा.

टायमिंग बेल्ट : पजेरो स्पोर्टच्या ४डी५६ इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, जुन्या पजेरोच्या ४एम४० मध्ये चेन. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिन उघडावं लागतं. आपल्या गाडीत काय आहे ते आधी माहीत करून घ्या. जुनी गाडी घेतली आणि बेल्ट कधी बदलला त्याचं बिल नसेल, तर लगेच बदला. सोबत टेन्शनर आणि बेल्टवर चालणारा वॉटर पंपही बघा.

पाणी : रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकू नका. आपल्या भागातलं पाणी क्षाराचं, त्याचा थर साचतो आणि गाडी तापते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच वापरा.

डिझेल : ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये भरून ठेवलेलं डिझेल या गाडीत ओतू नका. ड्रममध्ये पाणी आणि गंज असतो. कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार बारपेक्षा जास्त दाबाने जातं, तिथे थोडं पाणीही इंजेक्टर खराब करतं. डिझेल फिल्टर वेळेवर बदला आणि त्यातलं पाणी काढत राहा.

पेट्रोल : २०२५ पर्यंत पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचा त्यात वाटा आहे. पण जुन्या पेट्रोल एसयूव्ही त्यासाठी बनलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात अशा चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज आहे. इंधनाचे रबरी पाइप आणि सील दर सर्व्हिसला तपासा. पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथेच थांबवा.

तेल : ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं आणि फोर व्हीलच्या डिफरन्शियलचं तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच हवं. होंडा सीआर-व्हीच्या मागच्या डिफरन्शियलला होंडाचं खास ड्युअल पंप तेल लागतं. तिथे साधं गिअर ऑइल टाकलं की चाकं वळताना आवाज आणि झटके सुरू होतात.

टायर : चारही चाकांना सतत ताकद देणाऱ्या गाडीत दोन नवे आणि दोन गुळगुळीत टायर चालवू नका. चाकांचा घेर वेगवेगळा झाला की मधला कपलिंगचा भाग सतत घासत राहतो.

धूळ : ऊसतोडीच्या हंगामात आणि मातीच्या रस्त्याला एअर फिल्टर पुस्तकात लिहिल्यापेक्षा लवकर बघा.

चावी : एकच चावी असेल तर आजच दुसरी करून घ्या. चालू चावीवरून दुसरी बनवणं सोपं असतं. एकुलती एक चावी हरवली तर गाडी उचलून न्यावी लागते.

परदेशातून मागवायचा झाल्यास

नातेवाईक दुबईला आहेत किंवा परदेशी दुकान कुरिअरने पाठवायला तयार आहे, तरी आधी पूर्ण खर्च काढा. पार्टची किंमत, कुरिअर आणि विमा यांच्या बेरजेवर सीमाशुल्क आणि वर जीएसटी लागतो. कुरिअर कंपनी आधार, पॅन मागते. जड पार्टला कुरिअरच पार्टपेक्षा महाग पडू शकतं. सेन्सर, सील किट असे छोटे पण दुर्मिळ पार्ट मागवायला हा मार्ग बरा. चुकीचा पार्ट आला तर परत पाठवणं जवळपास अशक्य, त्यामुळे नंबर दोनदा तपासूनच पैसे भरा.

भारतात विकल्या जाणाऱ्या परदेशी पार्टच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कमाल किंमत आणि महिना-वर्ष असायला हवं. ते नसेल, छपाई फिकट असेल, नंबर खोडलेला असेल तर माल बनावट समजा. सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टवर १८ टक्के जीएसटी आहे. कुणी अजून जुना २८ टक्के लावत असेल तर बिल दाखवायला सांगा.

फसवणूक झाली तर

ॲडव्हान्स घेऊन पार्ट दिला नाही, चुकीचा देऊन परत घेत नाही, दुरुस्तीच्या नावाखाली चांगला पार्ट काढून घेतला, अशा वेळी भांडत बसण्यापेक्षा कागद जमवा. बिल, पैसे भरल्याचा मेसेज, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, पार्टचे फोटो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तरीही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, मात्र तक्रार २ वर्षांच्या आत हवी. तोंडी व्यवहार असेल तर सिद्ध करणं अवघड जातं, म्हणून दोनशे रुपयांचंही बिल घ्या.

घ्यायची, ठेवायची की काढायची?

घ्यायची असेल तर चार गोष्टी आधी बघा. आरसीची मुदत आणि इम्पोर्टेड नोंद. बँकेचा बोजा उतरलाय का. चालान बाकी आहे का. आणि त्या मॉडेलचे पाच पार्ट, म्हणजे क्लच, टर्बो, इंजेक्टर, पुढचा शॉकअप आणि हेडलाइट, यांचा आजचा भाव आणि मिळायला लागणारे दिवस. हे पाच भाव मिळाले की गाडी खरंच स्वस्त आहे का ते कळतं. गाडीच्या किमतीशिवाय पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला वेगळे पैसे बाजूला असतील तरच हात घाला. ऊसबिल येईल तेव्हा बघू, असं म्हणून घेतलेली गाडी पहिल्या बिघाडातच उभी राहते.

दारात आधीच असेल तर वर्षाचा हिशेब लिहून काढा. दुरुस्ती, विमा, नोंदणीची फी पाच वर्षांत वाटून, आणि गाडी किती दिवस बंद राहिली तेही. घरात दवाखान्याला जायला दुसरी गाडी नसेल, तर पार्टसाठी महिनाभर थांबणारी गाडी परवडत नाही, मग ती कितीही दांडगी असो. दुसरी गाडी असेल, चांगला मिस्त्री असेल आणि पार्ट नंबरची वही नीट ठेवली असेल, तर अशा गाड्या अजून कैक वर्षं चालतात.

ती वही आजच सुरू करा. पहिल्या पानावर चेसिस नंबर, इंजिन कोड, आरसीची मुदत. पुढे प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर, पार्ट नंबर, दुकान आणि भाव. गाडी ठेवलीत तर शोधाशोध वाचेल. विकलीत तर ही वही बघून घेणारा चार पैसे जास्त देईल.